किती देते ते सोडा, किती घेते?

आपल्याकडे कुणालाही नवी गाडी दाखवा. तो आधी तिच्याभोवती एक चक्कर मारतो, बुटाच्या टोकाने टायरला हलकेच टोकतो, दार उघडून नव्या सीट्सचा वास घेतो आणि मग त्याचा युनिव्हर्सल प्रश्न येतो : अ‍ॅव्हरेज किती देते? गाडी चार लाखांची असो नाहीतर पन्नास लाखांची, प्रश्न तोच. माझ्या बाबांनी तर एकदा लग्नाच्या हॉलबाहेर उभ्या असलेल्या बीएमडब्ल्यूच्या ड्रायव्हरलाही हे विचारलं होतं. तो बिचारा इतका गोंधळला, की ‘साहेब पेट्रोल भरतात, मी फक्त चालवतो’ म्हणाला.

पण गेले काही महिने आमच्या घरात हा प्रश्न विनोदाचा राहिलेला नव्हता. कारण माझ्या दादाला एक गाडी हवी होती. नुसती हवी नव्हती, तर तिच्यासाठी झोप उडाली होती. दादा हिंजवडीत आयटीत आहे, वय चौतीस. वहिनी फिजिओथेरपिस्ट, सध्या एका हॉस्पिटलात नोकरी करते आणि सिंहगड रोडला स्वतःचं क्लिनिक काढायचं तिचं तीन वर्षांपासून चाललंय. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे घरातली सगळ्यात ‘रिकामी’ व्यक्ती. त्यामुळे ‘तू जरा बस आणि नीट हिशोब काढ’ हे काम आपसूक माझ्याकडे आलं.

आता दादाकडे काय गाडी नाही असं नाही. त्याच्याकडे फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे, २०२२ ची. दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस, चाकणच्या कारखान्यात बनलेली. चांगली पळते. कर्जही फिटलंय. साध्या माणसाने एवढ्यावर समाधान मानलं असतं. पण मे २०२५ मध्ये त्याच कंपनीची गोल्फ जीटीआय भारतात आली आणि दादाचं समाधान संपलं.

ज्यांना गाड्यांमधलं काही कळत नाही (माझ्यासारखे!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जीटीआय म्हणजे गाडीवेड्यांचं जुनं दैवत. पहिली आली १९७६ मध्ये, दिसायला अगदी साधी हॅचबॅक, पण पळायला तेज. तिच्या चौकटीच्या कापडाच्या सीट्स आणि गोल्फच्या बॉलसारखा गिअरचा गोळा गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या बाईंनी डिझाइन केला होता, ही सगळ्या प्रकरणातली मला आवडलेली एकमेव गोष्ट. भारतात आली ती आठवी पिढी. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २६५ पीएस, शून्यावरून शंभरचा वेग कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ५.९ सेकंदांत. किंमत एक्स-शोरूम साधारण ५३ लाख. पहिल्या खेपेला फक्त १५० गाड्या, आणि नाव नोंदवायचं तर आधी जीटीआयवरची प्रश्नमंजुषा सोडवायची! म्हणजे पैसे आपणच द्यायचे आणि परीक्षाही आपणच द्यायची. तरीही सगळ्या गाड्या हातोहात खपल्या. त्यातली एक दादाच्या ऑफिसातल्या मित्राने घेतली, आणि तिथून आमच्या घरातली शांतता गेली.

कारण मित्राची गाडी रोज डोळ्यांसमोर. त्यात एक दिवस दादाला कळलं, की एक जण आपली वर्षभर वापरलेली जीटीआय विकतोय. ५२ लाखांना. दादाचं गणित तयारच होतं. व्हर्टसचे बारा लाख येतील, चाळीस लाखांचं कर्ज, ‘आणि नंतर काय गं, पेट्रोलच तर जास्त लागेल थोडं!’

या ‘थोडं’वर माझा विश्वास बसला नाही. मी दोघांच्या मागे लागून त्यांच्याकडून तीन महिने डायरी लिहून घेतली. विकणारा मधल्या काळात थांबला, कारण त्यालाही किमतीत उतरायचं नव्हतं. पद्धत एकदम देशी : टाकी फुल टू फुल. डॅशबोर्डवरचा आकडा धरायचा नाही, तो नेहमी आपल्याला खूश करायला बसलेला असतो. पंपाची पावती आणि किलोमीटरचा आकडा, बस्स. मित्राने आधी नाक मुरडलं. ‘जीटीआय घेऊन अ‍ॅव्हरेज काढणं म्हणजे ताजमध्ये जाऊन राइसप्लेट मागण्यासारखं आहे,’ म्हणाला. पण पावत्या मात्र इमानदारीत जमवल्या.

पेट्रोलचा पर्दाफाश

निकाल आधी सांगून टाकते. दादाची व्हर्टस तीन महिन्यांत २,९४० किलोमीटर फिरली, २५९ लिटर प्यायली. म्हणजे लिटरला ११.३५. मित्राची जीटीआय २,६१० किलोमीटर, २९६ लिटर. म्हणजे ८.८. दोघंही रोज हिंजवडीच्या त्याच जॅममध्ये, आणि दोघंही अधूनमधून रविवारी ताम्हिणी घाटात.

अडीच किलोमीटरचा फरक. मला वाटलं होतं दुप्पट असेल. पण टर्बोचा फंडा समजून घेतला की हे पटतं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका छोट्या चक्राला फिरवतो, ते चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं, आणि हवा जास्त आली की तिच्या जोडीला पेट्रोलही जास्त ओतावं लागतं. म्हणजे ताकद फुकट मिळत नाही, पण ती मागितली तरच बिल येतं. जॅममध्ये वीसच्या वेगाने सरकताना २६५ पीएसमधले बहुतेक झोपलेले असतात. व्हर्टसचं इंजिन तर आणखी हुशार, हायवेवर आरामात चाललेलं असलं की चारपैकी दोन सिलिंडर स्वतःच बंद ठेवतं. दादा एकदा कोल्हापूरला जाताना एका लयीत चालवत गेला, तेव्हा त्याला सतराच्या वर मिळालं. जीटीआयवाल्या मित्राला हायवेवर तेरा मिळालं होतं. पण त्याला एका लयीत चालवायला सांगणं म्हणजे... असो.

मग मामला येतो पेट्रोलच्या जातीचा. जास्त दाबावर चालणाऱ्या इंजिनाला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मानवतं. ऑक्टेन कमी पडलं तर पेट्रोल-हवेचं मिश्रण वेळेआधीच पेट घेऊ पाहतं, इंजिनातला सेन्सर ते ओळखतो आणि ठिणगीची वेळ मागे सरकवतो. गाडी बिघडत नाही, पण ज्या ताकदीचे पैसे मोजले त्यातली थोडी गायब होते. म्हणून मित्र ‘९५’चं प्रीमियम पेट्रोल भरतो, साध्यापेक्षा लिटरला सात-आठ रुपये महाग. त्याच्यावर आणखी एक पायरी आहे, १०० ऑक्टेन. इंडियन ऑइलचं हे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये पुण्या-मुंबईसह काही शहरांत आलं तेव्हा दिल्लीतला भाव होता लिटरला १६० रुपये. मित्र ते फक्त वाढदिवसाला भरतो. स्वतःच्या नाही, गाडीच्या!

त्यात इथेनॉल. २०२५ पासून आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सगळीकडे आलं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे मिश्रणात साधारण सहा-सात टक्के घट आलीच. हा फटका दोन्ही गाड्यांना सारखा. पण ज्याची गाडी जास्त पिते त्याचे रुपये जास्त जातात, हे ओघाने आलंच.

वर्षाला १२,००० किलोमीटर धरले, साधं पेट्रोल १०४ रुपये आणि प्रीमियम ११२ रुपये धरलं, तर दादाचं वर्षाचं पेट्रोल १ लाख १० हजार आणि जीटीआयचं १ लाख ५३ हजार. फरक ४३ हजारांचा. महिन्याला साडेतीन हजार. दादाने हे ऐकून टेबलावर मूठ आपटली. ‘बघ! मी म्हणत नव्हतो? साडेतीन हजार म्हणजे काय गं, दोन वीकेंडचं हॉटेलिंग!’

आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण ज्या प्रश्नावर आयुष्यभर अडून बसतो, तो अ‍ॅव्हरेजचा प्रश्न इथे जवळजवळ बिनमहत्त्वाचा निघाला होता.

टायर नावाचा सावकार

मग मित्राचा टायर फुटला.

रस्ता कुठला ते सांगत नाही, तुमच्या घरासमोरचाच समजा. पावसाचं पाणी साचलेलं, खाली खड्डा. व्हर्टसला १६ इंची चाकं आहेत, टायरची बाजू जाडजूड, खड्डा गिळून टाकते. जीटीआयची चाकं १८ इंची आणि टायर पट्टीसारखे पातळ. वळणावर गाडी रस्त्याला चिकटून राहावी म्हणून ते तसे असतात. पण खड्ड्याची कड थेट रिमपर्यंत पोचते. टायरच्या बाजूला फुगा आला, आणि असा फुगा आलेला टायर पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. त्या मापाचा, त्याच बनावटीचा टायर शहरात शिल्लक नव्हता. चार दिवस गाडी घरी आणि मित्र दादाच्या व्हर्टसमध्ये शेजारच्या सीटवर. (दादा त्या चार दिवसांत विलक्षण खुशीत होता.)

टायर आला साधारण २२ हजारांना. एक! दादाच्या गाडीचा साडेआठ हजारांत येतो. बरं, नुसती किंमत बघून चालत नाही. दादाचा सेट ४५ हजार किलोमीटर गेला. जीटीआयचा मऊ रबराचा टायर, पुढच्या दोन चाकांवर ३७० न्यूटन-मीटरचा जोर आणि चालवणाऱ्याचा स्वभाव, हे सगळं धरून टायरवाल्याने २५ ते ३० हजार किलोमीटर सांगितले. आता भागाकार करा. व्हर्टसचा टायरखर्च किलोमीटरला पाऊण रुपया. जीटीआयचा तीन रुपयांच्या वर. वर्षाला नऊ हजार विरुद्ध अडतीस हजार. फरक २९ हजार. म्हणजे ज्या पेट्रोलवर आपण चर्चासत्रं भरवतो, त्या पेट्रोलच्या फरकाच्या जवळपास जाणारा फरक त्या चार काळ्या वर्तुळांमध्ये लपलाय, आणि अजून मला एकही माणूस भेटला नाही ज्याने नवी गाडी बघून ‘टायर कितीला पडतो हो?’ असं विचारलं.

सर्व्हिसिंगचं फार नाही सांगत. दादाचे वर्षाला १४ हजार, जीटीआयचे आम्ही २८ हजार धरले. ब्रेक पॅड, डिस्क, चांगल्या प्रतीचं तेल, ओल्या क्लचच्या गिअरबॉक्सचं ठरावीक अंतराने बदलायचं तेल, हे आज ना उद्या येणारच. दादाच्या गाडीत गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा आहे, त्याला हे तेल लागत नाही, पण जॅममध्ये तो जास्त तापतो. वॉरंटी संपल्यावर त्यातलं मेकॅट्रॉनिक नावाचं युनिट गेलं तर बिल लाखांत जातं. तेव्हा ‘साधी’ गाडी म्हणजे बिनखर्चाची गाडी, असं माझं अजिबात म्हणणं नाही.

विम्यात मात्र एक गंमत सापडली. थर्ड पार्टी विम्याचे दर सरकार ठरवतं आणि ते इंजिनाच्या आकारावर असतात. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये. व्हर्टसचं इंजिन आहे १४९८ सीसी. दोन सीसीने वाचली! कंपन्या इतक्या मोजूनमापून इंजिनं बनवतात ती उगाच नाही. पण खरा पैसा जातो तो गाडीच्या स्वतःच्या विम्यात, तो किमतीवर चालतो. दादाचं सगळं मिळून नूतनीकरण ३२ हजारांत झालं. जीटीआयला पहिल्या वर्षी पावणेदोन लाखांच्या आसपास गेले, आणि पुढच्या वर्षांसाठी आम्ही सरासरी एक लाख चाळीस हजार धरले.

बेरीज केली. व्हर्टस : वर्षाला १ लाख ६५ हजार. जीटीआय : ३ लाख ५९ हजार. महिन्याला सोळा हजारांचा फरक. माझ्या भाषेत सांगायचं तर, मला महिन्याला आणखी चार लेख लिहावे लागतील, आणि त्यांचे पैसे वेळेवर मिळावे लागतील, जे एक स्वतंत्र स्वप्नरंजन आहे.

आणि मग ज्याला कुणी ‘रनिंग कॉस्ट’ म्हणत नाही ते

इथवर दादा तग धरून होता. सोळा हजार त्याला परवडतात. परवडतात म्हणजे, पगारातून जाऊ शकतात. पण गाडी उभी असतानाही पळत असते, हे त्याच्या एक्सेल शीटमध्ये कुठेच नव्हतं.

ही गाडी इतकी महाग का? परदेशातून पूर्ण तयार होऊन जहाजाने येते म्हणून. २०२५ मध्ये अशा गाडीवर तिच्या मूळ किमतीप्रमाणे ७० ते ११० टक्के आयात शुल्क होतं. त्यावर जीएसटी. त्यावर आपल्या राज्याचा वाहन कर. महाराष्ट्रात साध्या पेट्रोल गाडीला दहा ते वीस लाखांच्या दरम्यान १२ टक्के, वीस लाखांच्या वर १३ टक्के. पण आयात गाडी असेल तर सरळ २० टक्के! म्हणजे ५३ लाखांवर साडेदहा लाखांहून जास्त नुसता आरटीओचा कर. मित्राच्या हातात गाडी पडेपर्यंत आकडा ६६ लाखांच्या घरात गेला होता. त्या कराच्या रकमेत एक छान हॅचबॅक येते, तीही एसी-बीसी सकट.

दादाचा युक्तिवाद असा, की जुनी घेतली तर हा कर आधीच्या मालकाने भरलेला आहे. मुद्दा बरोबर आहे. पण मग घसारा? विम्याच्या नियमाप्रमाणे गाडीची किंमत पहिल्या वर्षानंतर २० टक्के, दुसऱ्यानंतर ३०, तिसऱ्यानंतर ४०, आणि चौथ्या वर्षानंतर पन्नास टक्के उतरलेली धरतात. १९ लाखांच्या गाडीचे तीन वर्षांत साडेसात लाख जातात. ५३ लाखांचे एकवीस लाख. टक्का तोच, पण टक्क्याने पोट भरत नाही, रुपयाने भरतं.

‘अगं, लिमिटेड गाडी आहे. दीडशेच आल्या. हिची किंमत उतरत नसते,’ दादा म्हणाला. यावर मी जरा गृहपाठ करून गेले होते. २०१६ च्या शेवटी याच कंपनीने पोलो जीटीआय आणली होती. तीन दारांची, १९२ पीएसची, परदेशातूनच आलेली, आणि फक्त ९९! किंमत पंचवीस लाखांच्या पुढे. म्हणजे याहूनही दुर्मिळ. पुढे वर्षभरातच तिची किंमत कंपनीने सहा लाखांच्या आसपास कमी करून वीस लाखांच्या आत आणली. ज्यांनी आधी घेतली होती, त्यांनी त्या दिवशी चहा कसा प्यायला असेल? आज ती गाडी शौकिनांमध्ये मानाने मिरवते हे खरंच आहे. पण दुर्मिळ असणं आणि भाव टिकणं यांचं लग्न झालेलं नाही, एवढंच मला दादाला दाखवायचं होतं.

आणि शेवटी हप्ता. चाळीस लाख, जुन्या गाडीचं कर्ज, साडेदहा टक्के, पाच वर्षं : महिन्याला ८६ हजार. पाच वर्षांत व्याजच साडेअकरा लाखांच्या वर. हा आकडा स्क्रीनवर आला तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तोवर ती या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, ‘अरे, मग माझ्या लोनला को-अ‍ॅप्लिकंट कोण?’

हा कॉलम आमच्या कुणाच्याच शीटमध्ये नव्हता. क्लिनिकसाठी तिला चौदा लाख लागणार होते. जागेचं डिपॉझिट, ट्रॅक्शनचं टेबल, अल्ट्रासाउंडचं मशिन, थोडं फर्निचर. तिची एकटीची मिळकत बँकेला पुरत नव्हती, म्हणून दादा सहअर्जदार असणार हे तीन वर्षांपासून ठरलेलं. आणि बँक कर्ज देताना तुमचा पगार किती हे जेवढं बघते, तेवढंच त्यातून आधीचे हप्ते किती जातात हेही बघते. घराचा हप्ता चालू आहेच. त्यात ८६ हजार आले, की दादाच्या सहीची बँकेतली किंमत जवळजवळ शून्य होणार होती.

‘पाच वर्षं थांबते मी,’ वहिनी म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, आणि तेच वाईट होतं. ती खरंच आकडेमोड करत होती. ‘तोवर अडतिसाची होईन. चालेल तसं.’

दादा गप्प बसला. मीही. आई टीव्हीचा आवाज कमी करून आमच्याकडे बघत होती.

त्यातही एक सांगायला हवं. गाडी काय चीज आहे हे मला माहीत आहे, कारण मी तिच्यात बसलेय. मित्राने ताम्हिणीत नेलं होतं. वळणावर व्हर्टसमध्ये आपण दाराकडे ढकलले जातो आणि पायाने नसलेला ब्रेक दाबतो. जीटीआयमध्ये वळण संपून जातं आणि आपण तिथेच, सीटवर. पुढच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारं एक इलेक्ट्रॉनिक कुलूप आहे, मागच्या चाकांचं सस्पेन्शन वेगळ्या बनावटीचं आहे, वगैरे वगैरे मित्र सांगत होता. मला तांत्रिक भाग कळला नाही, पण एका लांब चढावर त्याने पाय दाबला तेव्हा माझ्या पोटात जे झालं ते अगदी नीट कळलं. मी ओरडले होते, आणि ती ओरड भीतीची नव्हती. तेव्हा ‘एवढे पैसे गाडीवर घालतात का कुणी’ असं म्हणणाऱ्या काकालोकांमध्ये माझी गणना करू नका. घालतात, आणि त्याचं काहीतरी परतही मिळतं. प्रश्न एवढाच की ते महिन्यातून दोन रविवारी मिळतं. इतर दिवशी एक्स्प्रेस-वेवर कमाल वेग शंभर, घाटात साठ, वर कॅमेरे, आणि हिंजवडीच्या चौकात सरासरी वेग काय असतो ते तुम्ही या ओळी वाचता वाचता अनुभवत असाल. मित्राने स्वतः कबूल केलं, की तीन महिन्यांतले त्याचे खरे जीटीआयचे किलोमीटर जेमतेम साडेचारशे असतील.

पण मित्र अविवाहित आहे, फ्लॅट वडिलांचा आहे आणि त्याला दुसरा कुठला शौक नाही. त्याच्या शीटमध्ये ती गाडी बसते. तो मूर्ख नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही घेतली असती, पिवळ्या रंगात मिळाली असती तर नक्कीच.

दादाने त्या रात्री काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याभराने कळलं, की विकणाऱ्याला कोल्हापूरचा कुणीतरी गिऱ्हाईक मिळाला. दादाने ते जेवताना सांगितलं, डाळीत भात कालवत, जसं काही क्रिकेटचा स्कोअर सांगावा. वहिनीने ‘अरेरे’ म्हटलं, आणि मला वाटतं ते मनापासून होतं. दोन दिवस तो जरा धुसफुसत होता, व्हर्टसला पार्किंगमध्ये उगाच जोरात बंद करत होता. मग त्याने तिला नवे टायर घातले, जरा बऱ्यातले, साडेआठऐवजी अकरा हजारवाले. ‘हिंडायला तर लागेलच ना,’ म्हणाला.

बँकेचं काम पुढच्या महिन्यात झालं. जागा मिळाली वडगावला, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत, कारण गुडघ्याचे पेशंट जिना चढून आले तर निम्मी ट्रीटमेंट तिथेच वाया जाते, असं वहिनीचं म्हणणं. टेम्पोवाल्याने ऐन वेळी दांडी मारली तेव्हा सामान नेण्याची जबाबदारी व्हर्टसवर आली. तिची डिकी ५२१ लिटरची आहे. त्यात काय काय मावतं याची यादी दादाने एक्सेलमध्ये केली आहे : पॅरलल बार्स खोलून, मागची सीट पाडून, चार वेळा. व्यायामाचे चेंडू हवा काढून. वजनांची पेटी पुढच्या सीटवर, सीटबेल्ट लावून, नाहीतर गाडी सतत टिंग टिंग वाजत राहते. त्या दिवशीचं अ‍ॅव्हरेज आलं ८.९. दादाने लगेच मित्राला फोटो पाठवला, ‘बघ, तुझ्या बरोबरीला आलो!’